बेरीज म्हणजे निदान नव्हे

सौदी अरेबियातले हाइल असो वा महाराष्ट्रातले हिंगोली, एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे, अतिचंचलता यांच्या विकाराच्या) तपासणीत डॉक्टर बहुधा प्रश्नावली हाती देतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावली वापरतात: पालकांना ५५ प्रश्न, शिक्षकांना ४३. खरे मोल दोघांची उत्तरे ताडून पाहण्यात आहे, कारण लक्षणे घरी आणि शाळेत, अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली आहे. त्यातले पहिले ६ चाळणीचे. पुढे मुलाखतीत बालपण येतेच, कारण लक्षणे बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. अपुरी झोप, चिंता यांनीही प्रश्नावलीतले गुण वाढतात, म्हणून नुसती बेरीज पुरत नाही. परदेशात डॉक्टरांकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तके सोबत न्या आणि अरबी-इंग्रजी प्रश्न कळला नाही, तर अंदाजाने खूण करू नका, विचारा.