धपाटे : नाव, कृती आणि पोषण

भाजी घालून केलेल्या चपट्या खाद्यपदार्थांना शहरांत ‘पॅटिस’ किंवा ‘कटलेट’ म्हणतात. ‘पॅटिस’ हे मूळ इंग्रजी अनेकवचन मराठीने एकवचन म्हणून स्वीकारले. ‘कटलेट’च्या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘लहान बरगडी’ असा आहे. हे दोन्ही शब्द कृतीविषयी काही सांगत नाहीत. मराठवाड्यातील ‘धपाटे’ या शब्दाचे तसे नाही. धपाटा म्हणजे उघड्या तळहाताचा तडाखा. आणि धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या ज्वारीच्या प्रदेशात हा पदार्थ लाटीत नाहीत, थापतात.

थापण्याचे कारण धान्यातच आहे. गव्हाची कणीक ग्लुटेन या चिवट प्रथिनामुळे ताणली जाते. ज्वारीत ते नसल्याने पीठ लाटताना तुटते. त्यात चिरलेली भाजी मिसळली म्हणजे ते अधिकच विस्कळीत होते. म्हणून ओल्या फडक्यावर हाताने थापून फडक्यासह तव्यावर उलटण्याची रीत पडली.

दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, थोडी कणीक, बारीक चिरलेली मेथी किंवा किसलेली काकडी, ठेचलेली मिरची-लसूण, तीळ, ओवा, हळद व मीठ घालावे. काकडीस मिठाने पाणी सुटते. म्हणून वरचे पाणी बेताने घेऊन पीठ मळावे. मळलेले पीठ फार वेळ ठेवू नये. ते सैल पडते. थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खमंग भाजून धपाटे दह्याबरोबर खावे.

पोषणदृष्ट्या डाळीच्या पिठाचे महत्त्व विशेष आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तितक्याच हरभराडाळीत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत विपुल असते. डाळीत कमी पडणारे मेथिओनिन धान्यातून मिळते. मेथीतील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास स्निग्धांश लागतो. तो तव्यावरील तेल पुरविते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र भाजताना बरेचसे नष्ट होते. सोबत कच्चा कांदा व लिंबू घेतल्यास ती उणीव काही अंशी भरून निघते.

मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यात धपाट्याऐवजी मैद्याचे आवरण व बटाट्याचे सारण असलेले पॅटिस आले, तर पोट भरते. परंतु त्या दोहोंत मुख्यतः पिष्टच असते. डाळ व पालेभाजी गाळून केवळ पिठामिरचीचे धपाटे केले, तरी तीच हानी होते. पदार्थाचे नाव तेवढे तेच राहते.