‘ओ’ गटाआड दडलेला मुंबई रक्तगट

प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या चिठ्ठीवर ‘ओ’ गट लिहिलेला असतो, रक्तपेढीत ‘ओ’ गटाचे रक्तही उपलब्ध असते. तरीही ते तिला देता येत नाही. असे क्वचित का घडते, याचा उलगडा रोगप्रतिकारशास्त्रामुळे झाला.

तांबड्या पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ हे प्रतिजन असतात. ‘ओ’ गटात ते दोन्ही नसतात. परंतु त्यांचा पाया असलेला ‘एच’ हा प्रतिजन असतो. काही व्यक्तींमध्ये जन्मतः हा पायाच नसतो. त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. अशा व्यक्तीस ‘ओ’ रक्त दिल्यास त्यातील तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडांवर आघात होतो आणि प्राणही जाऊ शकतो.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन व्यक्तींची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामुळे या गटास ‘मुंबई रक्तगट’ हे नाव मिळाले. भारतात सुमारे १०,००० लोकांमागे एकाचा हा गट असतो, असे मानले जाते.

केवळ पेशी तपासल्यास हा गट ‘ओ’ भासतो. म्हणून रुग्णाच्या रक्तजलात ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळून पाहतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर संशय घेऊन ‘एच’ प्रतिजनाची खास चाचणी करतात. रक्त देण्यापूर्वी दाता व रुग्ण यांच्या रक्ताची जुळणी करणे अनिवार्य आहे, ते याचसाठी.

अशा रुग्णास मुंबई गटाचेच रक्त लागते. हा गुण आई व वडील या दोघांकडून येत असल्याने सख्ख्या भावंडांत तो आढळण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून भावंडांची तपासणी प्रथम करावी. खानदेशातील कित्येक कुटुंबांचे नातलग कामधंद्यानिमित्त सुरतेस स्थायिक झाले आहेत. त्यांचे पत्ते जवळ असल्यास ऐनवेळी धावाधाव टळते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था दुर्मिळ गटांच्या तपासणीचे कार्य करते.

‘ओ’ रक्त सर्वांना चालते, हा समज म्हणूनच अपुरा आहे. मुंबई गट निश्चित झालेल्या व्यक्तीने त्याची लेखी नोंद सदैव जवळ बाळगावी आणि दवाखान्यात दाखल होताच ती दाखवावी. शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्यसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.