द्राक्षाच्या पेटीतून दिसणारं जग

मुलांना जगाचं भान यावं असं ठरवलं की बऱ्याच घरांत आधी शाळेचं माध्यम बदलतं, मग परदेशवारीचे बेत सुरू होतात. इंग्रजी फाडफाड आलं, दोन-चार देश पाहून झाले की काम झालं, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. इंग्रजी यावं, प्रवासही घडावा. पण आपल्या वागण्याचे परिणाम कुठवर जातात आणि दूर कुठे काही घडलं तर ते आपल्या दारात कसं येतं, ही समज त्यातून आपोआप येत नाही. ती निफाड-दिंडोरीतल्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीलाही येऊ शकते.

तिथे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीची नोंदवही सुरू होते. कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, किती प्रमाणात, काढणीला किती दिवस उरले, सगळं लिहायचं. निर्यातीच्या बागेची नोंदणी 'ग्रेपनेट'वर असते. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने ही व्यवस्था २००६ मध्ये आणली. मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधांचा उरलेला अंश मर्यादेत असेल तरच द्राक्षं जहाजात चढतात. नेदरलँड्समध्ये पोचलेली पेटी कोणत्या प्लॉटमधली, हे उलट शोधत येता येतं. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तिकडच्या बंदरांत माल अडकला आणि इकडे बागायतदारांचं कंबरडं मोडलं. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला ती वही दाखवून विचारा, काढणीच्या इतके दिवस आधी फवारणी का थांबवायची? उत्तर शोधताना तिच्या लक्षात येतं की आपल्याच वयाचं कुणीतरी तिकडे ही द्राक्षं खाणार आहे. मग ती विचारेल, आपल्या बाजारात जाणाऱ्या द्राक्षांचीही अशी तपासणी होते का? हा प्रश्न फार मोलाचा आहे. तो टाळू नका.

राजधान्या, चलनं आणि झेंडे तोंडपाठ असले की जग कळलं, असंही आपण धरून चालतो. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांच्या संस्थेने २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२ हजार जणांना काही साधे प्रश्न विचारले. त्यातला एक असा : जगातल्या एक वर्षाच्या मुलांपैकी किती जणांना एखाद्या तरी रोगाची लस मिळाली आहे, २०, ५० की ८० टक्के? उत्तर ८०, आणि ते फक्त १३ टक्के लोकांना आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तिघांतल्या एकाचं बरोबर आलं असतं. जग सगळीकडे बिघडतच चाललंय, या समजुतीने शिकलेली माणसंही फसतात. मुलांना हे समजवायला पोलिओ बूथपर्यंत गेलं तरी पुरे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, तरीही पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे म्हणून इथे डोस चालूच आहेत. करंगळीवरची शाई ही त्या डोसची खूण.

जगाचा विचार करणारं मूल देशाला दुरावतं, ही भीतीही अनेकांना वाटते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पथकातून चीनला गेले, तेव्हा आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचं देशप्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये राष्ट्रध्वजाचा मान राखणं आणि मानवतावाद जोपासणं ही दोन्ही कर्तव्यं एकाच यादीत आहेत.

युद्धाच्या बातम्या मुलांपासून लपवल्या की ती सुरक्षित राहतात, असंही नाही. बातमी वर्गात, व्हॅनमध्ये, मोबाइलवर पोचतेच. मुलांनी काय ऐकलंय ते आधी विचारावं आणि तेवढ्याचंच खरं उत्तर द्यावं.

राहिला दयेचा प्रश्न, म्हणजे दूरच्या कुणाच्या दुःखाने मुलाचं मन कळवळलं तर पुढे काय करायचं, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे सुमारे साडेपंधरा लाख मुलं कोकोच्या शेतीत राबतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळलं. हे ऐकून हळवं मूल म्हणेल, मी चॉकलेट सोडते. भावना खरी आहे, पण मागणी घटली तर त्या शेतकऱ्याचं उत्पन्न आणखी घटेल. मजूर परवडत नाही म्हणूनच तो पोरांना कोयता देतो. कांद्याचा भाव पडल्यावर घरात काय होतं ते पाहिलेल्या लासलगावच्या मुलाला हे चटकन कळेल. मुलांना कागद-पेन द्या आणि चॉकलेटच्या वेष्टनावरच्या पत्त्यावर पत्र लिहू द्या : तुमचा कोको कुठून येतो आणि शेतकऱ्याला किलोमागे किती देता? उत्तर नाही आलं तर महिन्याने पुन्हा लिहायला लावा.