रुग्णवाहिकेतील आपत्कालीन प्रसूती

गर्भवती स्त्री रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी, वाटेतच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने होणाऱ्या प्रसूतीस रुग्णवाहिकेतील आपत्कालीन प्रसूती असे म्हणतात. अशी प्रसूती हाताळणे आणि स्त्रीरोगविषयक आणीबाणी ओळखणे हा रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. या सेवेच्या रुग्णवाहिकेत चालकासोबत डॉक्टरही असतो. गरोदर माता व नवजात बालकांच्या मोफत वाहतुकीसाठी १०२ हा क्रमांक आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री असून अनेक वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात दरडी व पूर यांमुळे रस्ते बंद पडतात. गुंतागुंतीच्या रुग्णांना पुढील उपचारांसाठी कोल्हापूरला नेताना आंबा घाट ओलांडावा लागतो. त्यामुळे येथे अंतरापेक्षा प्रवासास लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो.

पहिला निर्णय

प्रवास चालू ठेवावा की वाहन थांबवावे, हे प्रथम ठरवावे लागते. कितवे बाळंतपण, कितवा महिना, कळांमधील अंतर, पाणी गेले आहे का, रक्तस्राव होतो का आणि पूर्वी सिझेरियन झाले आहे का, हे विचारले जाते. बाळाचे डोके योनीमुखाशी दिसू लागले किंवा जोर देण्याची ऊर्मी अनावर झाली, तर प्रसूती जवळ आली असे समजतात. अशा वेळी वाहन सुरक्षित जागी थांबवतात. घाटातील वळणावर चालत्या वाहनात प्रसूती करणे धोक्याचे असते.

प्रसूती व नवजात बाळ

बाळाचे डोके ओढले जात नाही. ते सावकाश बाहेर यावे म्हणून हाताचा हलका आधार दिला जातो. नाळ मानेभोवती सैल असल्यास डोक्यावरून काढतात. जन्मल्यावर बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात व दोघांना पांघरूण घालतात. कोरडे करूनही बाळ श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मुखवट्याने श्वास देणे सुरू करावे लागते. वार पडण्याची वाट पाहत वाहन थांबवून ठेवत नाहीत आणि नाळ ओढतही नाहीत. पडलेली वार रुग्णालयात नेतात, कारण तिचा तुकडा आत राहिल्यास रक्तस्राव होऊ शकतो.

प्रमुख आणीबाणी

* प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे. ऑक्सिटोसिन देतात व पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करतात.
* गर्भावस्थेतील आकडी : उच्च रक्तदाबाशी संबंधित. स्त्रीला डाव्या कुशीवर वळवतात. मॅग्नेशियम सल्फेट हे मुख्य औषध आहे.
* नाळ आधी बाहेर येणे : स्त्रीला गुडघे व छाती टेकवून ओणवे ठेवतात, नाळेवरील दाब कमी करतात व तत्काळ रुग्णालय गाठतात.
* गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : पाळी चुकलेल्या स्त्रीला पोटात तीव्र वेदना व चक्कर आल्यास ही शंका घेतात. बाहेर रक्त न दिसताही पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

या सर्व प्रसंगी रुग्णालयास आधी कळवल्यास रक्त व शस्त्रक्रियेची तयारी वेळेत होते.