यीस्ट पेशीत प्राणिविषाणूंची वाढ : चाचणीचे निकष व त्यांचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके घेणारा विद्यार्थी, विषाणू विशिष्ट आश्रयी पेशीतच वाढतो, असे शिकतो. त्याच शहरातील सीरम इन्स्टिट्यूटच्या, २०२२ मध्ये परवाना मिळालेल्या सर्व्हाव्हॅक या गर्भाशयमुख कर्करोगप्रतिबंधक लसीतील प्रथिने मात्र यीस्टमध्ये तयार होतात. मग यीस्टमध्ये प्राणिविषाणू वाढतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

चाचणीचे निकष :
यीस्टला जाड पेशीभित्तिका असते व प्राणिविषाणूस आवश्यक असे ग्राही रेणू तिच्यावर नसतात. म्हणून भित्तिका काढून विषाणूचा आरएनए थेट पेशीत सोडतात, अथवा प्लाझ्मिडद्वारे त्याची जनुके पोहोचवितात. परंतु नंतर आरएनए आढळला म्हणजे प्रतिकृती झाली, असे नव्हे. तो आपणच सोडलेला असू शकतो. धन-सूत्री विषाणूच्या बाबतीत ऋण-सूत्र आढळणे, प्रतिकृतीकारक विकर निकामी केल्यावर ते नाहीसे होणे आणि तयार झालेल्या कणांनी मूळ आश्रयी पेशींना संसर्ग होणे, हे तीन पुरावे आवश्यक ठरतात.

प्रत्यक्ष उदाहरणे :
१९९६ मध्ये प्राइस, रूकर्ट व आल्क्विस्ट यांनी फ्लॉक हाउस या कीटकविषाणूचा आरएनए सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये सोडला. प्रतिकृती तर झालीच; शिवाय संसर्गक्षम कणही तयार झाले आणि प्रतिपेशी त्यांचे प्रमाण ड्रोसोफिला पेशींइतकेच होते. २००२ मध्ये अँजेलेटी व सहकाऱ्यांनी पॅपिलोमा विषाणूचा जनुकसंच यीस्टमध्ये टिकून राहतो, असे दाखविले; तेथे विषाणूच्या स्वतःच्या ई-१ प्रथिनाचीही गरज भासली नाही, म्हणजे हे काम यीस्टच्याच यंत्रणेने केले.

लसनिर्मितीतील भेद :
सर्व्हाव्हॅकमध्ये याहून वेगळे घडते. येथे ६, ११, १६ व १८ या प्रकारांच्या केवळ एल-१ प्रथिनाचे जनुक यीस्टला दिलेले असते. प्रथिने आपोआप जुळून पोकळ, विषाणूसदृश कण बनतात. त्यांत विषाणूचा जनुकसंच नसल्याने त्यांच्यापासून संसर्ग संभवत नाही.

निष्कर्ष :
आश्रयी-विशिष्टतेचा मोठा भाग पेशीप्रवेशाशी निगडित असतो. प्रवेशाचा अडसर दूर केल्यास काही विषाणू यीस्टमध्येही वाढतात. मात्र एका विषाणूवरून सर्वांविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. प्रथिननिर्मिती, जनुकसंचाची प्रतिकृती आणि संसर्गक्षम कणांची निर्मिती या तीन पायऱ्यांतील भेद अध्यापकांनी वर्गात स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अन्यथा 'लसीत विषाणू वाढवितात' हा गैरसमज मुलींना लसीपासून दूर ठेवील.