आईची चिडचिड आणि सुजेवरची गोळी

मेंदूतल्या गाठीच्या उपचारांत सूज उतरावी म्हणून बहुधा डेक्सामेथासोन देतात. त्याने झोप उडते, चिडचिड होते, सारखी भूक लागते, मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढू शकते. शांत स्वभावाची आई एकाएकी ताटावरून भांडू लागली तर वाद घालू नका, डॉक्टरांना कळवा. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमनेही चिडचिड वाढू शकते, आणि ते औषध बदलता येते. डेक्सामेथासोनचे डोस सकाळी व दुपारीच संपवता येतील का, हे विचारा. त्याने रात्र बरी जाते. या गोळीने मांड्यांतली ताकदही कमी होऊ शकते, म्हणून संडासात धरायला दांडी आधीच बसवा. मात्र डेक्सामेथासोनची गोळी मनाने कधीही बंद करू नका. ती बरेच दिवस घेतल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावते. एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.