ऐतिहासिक हॉटेलाचे भाडे व त्याचे मोल : न्हावा शेव्याच्या बाजूने एक विचार

न्हावा शेवा बंदरात कामानिमित्त येणाऱ्या मनुष्यापुढे रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न पूर्वी फारसा गुंतागुंतीचा नव्हता. खाडीला वळसा घालून मुंबईस जावयाचे तर वेळ फार मोडे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास जाणारी लाँच ओहोटीच्या लहरीवर अवलंबून असे. तेव्हा पनवेल-उरणच्या बाजूसच कोठेतरी पाठ टेकणे शहाणपणाचे ठरे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि ही स्थिती पालटली. मोटारीस एकेरी २५० रुपये पथकर त्या वेळी ठरविण्यात आला. आता अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल आणि पनवेलचे एखादे साधे हॉटेल यांची तुलना करणे शक्य झाले आहे. ही तुलना मनात आली की पुढचा प्रश्न ओघानेच येतो : त्या जुन्या, नामांकित वास्तूत एका रात्रीसाठी इतके पैसे मोजणे रास्त होय काय?

या प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देता येणार नाही. ते उत्तर कोणत्या रीतीने शोधावे, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१. भाव आणि मोल

बाजारातील भाव सर्वांना सारखा असतो. वस्तूचे मोल मात्र ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे बदलते. ज्या वस्तूसाठी आपण अधिक दिले असते ती कमी भावात मिळाली, तर या दोहोंतील अंतरास अर्थशास्त्रात संतोषाधिक्य म्हणतात. हॉटेल महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न म्हणून अपुरा होय. आपल्याला वाटणारे मोल त्या भावाहून अधिक आहे काय, असा प्रश्न विचारावयास हवा.

येथे दोन अडचणी येतात. पहिली ही की, मुक्काम ही अनुभवाने कळणारी वस्तू आहे. भाजी हाताळून घेता येते. रात्र हाताळून पाहता येत नाही. दुसरी अडचण अशी की, हॉटेलाची खोली ही एक वस्तू नसून अनेक गुणांची मोळी असते : जागा, स्वच्छता, सेवा, नाव, खिडकीतून दिसणारा देखावा आणि इतिहास. गिऱ्हाइकास बिल मात्र एकच मिळते. १९७४ साली शेरविन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने अशा संमिश्र वस्तूच्या भावातून प्रत्येक गुणाचा भाव वेगळा काढण्याच्या पद्धतीस शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्या पद्धतीचा मथितार्थ सोपा आहे : एक गुण सोडून बाकी सर्व गुण समान असलेल्या दोन वस्तू शोधाव्या, त्यांच्या भावांतील फरक हा त्या उरलेल्या गुणाचा भाव होय.

२. एकाच आवारातील दोन इमारती

असे समान गुणांचे जोड व्यवहारात विरळा. ताजमहाल हॉटेलाच्या बाबतीत मात्र तो जोड आयताच उपलब्ध आहे. जुनी वास्तू १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाली. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतरचे. ते १९२४ साली खुले झाले. जुन्या वास्तूच्या आराखड्याशी सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा ही नावे निगडित असून काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. पहिल्या महायुद्धात येथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. शेजारी पूर्वी ग्रीन्स हॉटेल होते; त्या जागी १९७३ साली मनोरा उभा राहिला. बंदर तेच, व्यवस्थापन तेच, नाव तेच. परंतु एका इमारतीस शतकाहून अधिक काळाचा इतिहास, तर दुसरीस अर्ध्या शतकाचा. त्याच रात्रीच्या, त्याच प्रकारच्या खोलीचे दोन्हीकडील भाडे विचारावे. त्यांतील फरक म्हणजे स्थूलमानाने इतिहासाचा भाव.

‘स्थूलमानाने’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. जुन्या वास्तूतील छत उंच असते, खोल्यांची घडण निराळी असते. हे गुण इतिहासाचे की केवळ प्रशस्तपणाचे? शिवाय २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या दिवसांतील हल्ल्यात जुन्या वास्तूची मोठी हानी झाली. मनोरा त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाला. जुनी वास्तू पुन्हा सुरू होण्यास १५ ऑगस्ट २०१० उजाडला. म्हणजे बाहेरून जुने दिसणारे आतून पुष्कळ अंशी नवे आहे. पाहुणा वयाचे पैसे देतो की नूतनीकरणाचे, हे नुसत्या फरकावरून सांगता येत नाही. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजी टाटांनी हे हॉटेल बांधले, ही कथाही सर्वत्र सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. तथापि भावाच्या दृष्टीने कथा खरी असण्यापेक्षा ती मानली जाणे अधिक परिणामकारक ठरते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

३. हिशेबाची रीत

आता एक उदाहरण घेऊ. पुढील भाडी केवळ गणितासाठी गृहीत धरली आहेत. पनवेलकडील साध्या हॉटेलाचे भाडे ६,००० रुपये, मनोऱ्यातील खोलीचे २०,००० आणि जुन्या वास्तूतील खोलीचे ३०,००० रुपये मानू. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर ५ टक्के व त्यावरील भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. करासह हे आकडे अनुक्रमे ६,३००, २३,६०० व ३५,४०० रुपये होतात. पनवेल सोडून मनोऱ्यात गेल्यास १७,३०० रुपये अधिक पडतात. ते जागा, सेवा व नाव यांचे. मनोरा सोडून जुन्या वास्तूत गेल्यास आणखी ११,८०० रुपये पडतात; ते इतिहासाचे. हे दोन निर्णय स्वतंत्र आहेत आणि ते स्वतंत्रपणेच घ्यावयास हवेत. नामांकित हॉटेलात जाण्याचे एकदा ठरले की इतिहासाची वाढीव रक्कम किरकोळ वाटू लागते. चूक बहुधा येथेच होते.

जहाज-कंपनीचा एखादा अधिकारी घ्या. त्याचे सकाळचे काम बंदरात असेल, तर अपोलो बंदराची जागा त्याच्या दृष्टीने गुण नसून दोषच होय. रात्री दहाला येऊन सहाला निघणाऱ्यास इतिहास झोपेतच भेटावयाचा. बिल कंपनी भरणार असल्यास तो कदाचित हा विचार करणारच नाही; दुसऱ्याच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचे मोल मनुष्य सैल हाताने करतो.

याउलट, बंदरातील एका कारकुनाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी दोन वर्षे पैसे बाजूस टाकले आहेत अशी कल्पना करा. उभयतांनी ती इमारत आजवर रस्त्यावरूनच पाहिली आहे. त्यांच्या दृष्टीने ११,८०० रुपये मोठे आहेत. परंतु ती दोघे दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत त्या जिन्यावरून, त्या सज्जांतून हिंडतील आणि पुढे कित्येक वर्षे त्याविषयी बोलतील. आठवण हाही उपभोगच होय, आणि तो एका रात्रीत संपत नाही. मात्र त्यांनीही एक गोष्ट पडताळून पाहावी : हाच आनंद सुटा मिळतो काय? पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये चहा घेतला, तर वास्तू, समुद्र आणि इतिहास या तिन्ही गोष्टी भाड्याच्या अल्पांशात पदरी पडतात. ‘तेथे राहिलो’ असे म्हणता येणे, एवढाच लाभ मग उरतो. ज्यास तो लाभ खरोखर हवा असेल त्याने त्याची किंमत द्यावी. त्यात लाजण्याजोगे काही नाही. फक्त आपण नेमके काय विकत घेत आहोत हे त्यास ठाऊक असावे.

४. न दिलेल्या पैशाचा परिणाम

प्रश्नास एक सामाजिक बाजूही आहे. गेटवेपाशी उभा राहून घुमटाकडे पाहणारा मनुष्य एक पैसाही देत नाही. वास्तूपासून होणारा हा बाह्य लाभ कोणाच्याच बिलात येत नाही. डागडुजीचा खर्च मात्र आत राहणाऱ्यांकडूनच वसूल व्हावा लागतो.

तो वसूल न झाल्यास काय होते, हे पाहावयास फार लांब जाण्याचे कारण नाही. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलाचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतवून १८६० च्या दशकात येथे आणून जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखविली गेली ती तेथेच. इतिहास ताजहून उणा नाही. काही बाबतीत अधिकच आहे. परंतु हॉटेल बंद झाले, एस्प्लनेड मॅन्शन या नावाने इमारत कचेऱ्यांत व बिऱ्हाडांत विभागली गेली, आणि जुन्या, अल्प भाड्यांवर तिची निगा राहिली नाही. २००५ साली तिचा एक भाग कोसळला. २०१९ साली ती धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. इतिहास असणे निराळे आणि इतिहासाचे कोणी पैसे देणे निराळे, हे या दोन वास्तूंच्या भिन्न गतीवरून स्पष्ट होते.

यावरून पाहुण्याने धर्मादाय म्हणून महाग खोली घ्यावी, असे मात्र ठरत नाही. दिलेल्या भाड्यातील प्रत्येक रुपया जुन्या दगडांच्या निगेस लागतो असे नव्हे. इतकेच म्हणता येईल की, बंदरातील अधिकाऱ्याने नदीकिनारीचे पाणी नदीतच ओळखावे, त्याप्रमाणे आपली सोय पनवेलीसच पाहावी. आणि कारकुनाने चहाचा पर्याय तपासून, तरीही मन तेथेच घोटाळत असेल, तर जुन्या वास्तूतील खोली खुशाल घ्यावी. दोघांचेही निर्णय भिन्न असून बरोबर आहेत; कारण दोघांपुढील भाव एक असला, तरी मोल एक नाही.